फ्यूजबॉक्सची तार
परवा मिक्सरची वायर जळाली आणि त्या करपट वासानं मला पारोळ्याच्या पुढचा रस्ता आठवला. लग्नानंतर मला साक्रीला सासरी सोडायला वडील जळगावहून त्यांच्या जुन्या गाडीनं निघाले होते. गाडी चालवायला त्यांनीच मला शिकवलं होतं, पण लांबच्या रस्त्यावर कधी हातात दिली नव्हती. भर दुपारी ती अचानक बंद पडली. त्यांनी बॉनेट उघडलं. फ्यूजबॉक्सला जोडलेली तार टोकाशी जळून तुटली होती. त्यांनी ती सोलली, पण स्क्रूखाली बसवताना स्क्रू हातातून निसटला. दुसऱ्यांदाही तेच झालं. शेजारच्या कपाशीतून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. "काय व्हयनं भाऊ?" तिनं विचारलं. "तार तुटली, अक्का," एवढंच म्हणून वडील निंबाच्या सावलीत बसले. थोड्या वेळानं त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "तू लाव. मी सांगतो." ते सांगत गेले तशी मी तार बसवली आणि स्क्रू घट्ट पिळला. गाडी लगेच सुरू झाली. मला वाटलं, आता ते चालवायला बसतील. ते डाव्या दारानं आत शिरले. "ने आता," म्हणाले. सासर लवकर येऊ नये म्हणून मी गाडी अगदी हळू चालवली, आणि त्यांनीही एकदाही घाई केली नाही. आता तो रस्ता चौपदरी झालाय. तरी एकटी तिथून जाताना माझी नजर शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळतेच.