अक्का रोपाशी बोलतात

जळगावात आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या अक्का माझ्याशी कधीच बोलत नाहीत. त्या आपल्या गॅलरीतून वाकून माझ्या भरताच्या वांग्याशी बोलतात. रोप मी तेलाच्या डब्यात लावलंय. "तुना मालक नुसता फोटू काढस रे भाऊ," मला ऐकू येईल अशा बेताने त्या रोपाला म्हणतात, "पानी काय फोटूमाईन भेटी?"

गेल्या हिवाळ्यात मी अमळनेरच्या सासऱ्यांना, नानांना, फुशारकीने आमंत्रण दिलं : घरच्या वांग्याचं भरीत खायला या! तो दिवस उजाडला तरी रोपावर दोन फुलं आणि भरपूर मावा कीड. बाजारात पळायला मी पिशवी शोधतोय, तोवर नाना थेट गॅलरीत. मी डोळेच मिटले.

"वा, जावईबापू!"

पाहतो तर रोपाला टपोरं हिरवं वांगं लटकलेलं! नानांनी ते कौतुकाने कुरवाळलं आणि दोऱ्याची गाठ त्यांच्या बोटाला लागली.

पलीकडून अक्का रोपाला म्हणाल्या, "इतलं मोठं लेकरू बांधी ठेवनं पडस ना भाऊ, नही ते पडी जाई."

नानांनी गाठ सोडून वांगं हातात घेतलं. माझ्याकडे न बघता तेही हसून रोपालाच म्हणाले, "शेजार चांगला भेटना रे भाऊ तुले."