झरीवरचा नारळ

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाची गोवा राज्यात कोणत्याही गावी, कोणाच्याही नावावर, एक वीतही जमीन नाही. ती घेण्याचा त्याचा विचार नव्हता, नाही आणि यापुढेही नसेल. याबाबत पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जे काही कानावर येईल, त्यावर कृपया विश्वास ठेवू नये.

हे निवेदन करण्याची वेळ माझ्यावर माझ्या सख्ख्या भाचीने आणली.

सिद्धी माझ्या धाकट्या बहिणीची, वंदनाची मुलगी. पेडण्यातल्या धारगळला राहते, दहावीत शिकते आणि शाळेच्या सेवा मंडळाची प्रमुख आहे. एरवी वाढदिवसालाही माझी आठवण न काढणाऱ्या या मुलीचा एके दिवशी फोन आला. "मामा, शनिवारी येतलो मरे तूं? (येशील ना?) गाडी घेऊन ये. पांढरा शर्ट घाल. आणि तो तुझा काळा गॉगल विसरू नको."

माणसाला प्रेमाने बोलावतात तेव्हा 'जेवायला ये' म्हणतात. गॉगलसकट बोलावतात तेव्हा सावध व्हावे. मी सावध झालो आणि तरीही निघालो, कारण वंदनाच्या हातचे सुंगटांचे हुमण (कोळंबीचे कालवण) हा माझ्या सावधपणाचा कायमचा कच्चा दुवा आहे.

कोल्हापूरहून आंबोलीचा घाट उतरून बांद्याला आलो की हवेचा दमटपणा अंगाला चिकटतो आणि गाडीतला माणूस आपोआप हळू बोलू लागतो. सीमा ओलांडली, महामार्गाच्या कडेला शहाळी आणि भोपळे घेऊन बसलेल्या बायका दिसल्या, आणि धारगळ आले. वंदनाच्या पडवीत पाऊल टाकले, तर आत कोपऱ्यात कोरी फावडी रचलेली, एक भलामोठा बॅनर जमिनीवर पसरलेला आणि त्याला दोन मुली इस्त्री करत बसलेल्या. मला पाहताच दोघी उभ्या राहिल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "नमस्कार, प्रमुख पाहुणे!"

"कोण पाहुणे?" मी विचारले.

"तूच दादा," स्वयंपाकघरातून वंदनाचा आवाज आला. "हात धू, जेवायला बस. जेवल्यावर चिडता येत नाही तुला."

हे खरे आहे. हुमण, भात, तळलेला बांगडा आणि सोलकढी पोटात गेल्यावर मी शांतपणे चौकशी सुरू केली. दहावीची मुले सुटीच्या दिवशी फावडी घेऊन कुठेतरी जातात, या प्रकाराविषयी मला मुळातच संशय आहे.

"प्रमाणपत्र मिळतं का?" मी सिद्धीला विचारले.

"मिळतं ना. पण त्यासाठी नुसता बुके धरून उभं राहिलं तरी पुरतं. आजवर तेच केलंय. मंत्री आले की बुके, साहेब आले की चहा." ती बॅनरची घडी घालत होती. "या वेळी मी हेडमास्तरांकडे हट्ट धरला. डिचोलीत एक झर (झरा) आहे, बुजलेली. ती साफ करायची. ते म्हणाले, एकदा करून बघा. जमलं तर पुढची कामं देतो. फसलं तर पुन्हा बुके."

"आणि मी कशाला?"

"कार्यक्रम म्हटला की पाहुणे लागतात मामा. तू लांबून आलेला दिसतोस."

सकाळी पदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत आला. गरम उंडे आणि पातळ भाजी खाऊन आम्ही निघालो. पुढे माझी गाडी, मागे मुलांनी भरलेली शाळेची बस. अस्नोड्यावरून डिचोली गाठली, मग मयेच्या तळ्याकाठून रस्ता वळला. पाणी इतके स्थिर होते की काठावरची माडाची झाडे त्यात उलटी लावल्यासारखी दिसत होती. मये आणि नार्वे यांच्या मधल्या एका वाड्यावर आम्ही थांबलो. वाड्याचे नाव मी सांगणार नाही. माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तुमच्यावर नाही.

कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) एक पायवाट खाली उतरत होती. तिच्या शेवटी जांभ्याच्या दगडात कोरलेले एक कुंड होते. वर खडकाच्या कपारीतून पूर्वी धार पडत असणार. आता तिथे मुळ्या, गाळ, कुजलेली पाने, बाटल्या आणि एक चप्पल होती. पाणी कुठूनतरी पाझरत होते, पण कुठून ते दिसत नव्हते.

मग मुलांनी ते केले जे त्यांना उत्तम येत होते. दोन माडांना बॅनर बांधला. टेबल मांडले, त्यावर समई. कपारीसमोर लाल फीत. त्यांच्या देसाई टीचरांनी मला पुढे केले, हातात कात्री दिली, मग नारळ. मी गॉगल चढवला, गाडीची किल्ली बोटात फिरवत चार मोलाचे शब्द बोललो, "या सुंदर जागेचे आपण सोने करू" असेही म्हणालो, आणि दगडावर नारळ आपटला. टाळ्या पडल्या. फोटो निघाले.

टाळ्या थांबल्या तेव्हा वर पायवाटेवर माणसे उभी होती.

सर्वांत पुढे एक उंच, वाळका म्हातारा. खांद्यावर पंचा, हातात कोयता. पुरसोआबा, या वाड्याचे गावकर, म्हणजे देवळाचे आणि गावाचे मानकरी. त्यांच्या मागे कमरेवर बालद (बादली) घेतलेल्या दोन बायका.

"कोणाचो प्लॉट हो?" आबांनी विचारले. कोणाचा प्लॉट आहे हा?

"प्लॉट नाही, सेवा मंडळ," देसाई टीचर म्हणाल्या.

"गाडी भायली (बाहेरची)," मागची बाई दुसरीला म्हणाली. "गॉगल पळय गॉगल!" (बघ.)

मी गॉगल काढला. त्याने काही सुधारले नाही. "अहो, मी या मुलीचा मामा!"

"पयलीं सगळे मामाच आसतात," आबा म्हणाले.

"आबा, आमी शाळेचीं भुरगीं (मुलं)," सिद्धी पुढे झाली. "गेल्या आठवड्यात तुमच्याशी बोलून गेले होते ना?"

"भुरगींच पयलीं धाडटात. (आधी मुलांनाच पाठवतात.) पलीकडल्या वाड्यार अशेंच जालें. तळें साफ करपाक आयले. फीत कापली, नारळ फोडलो, फोटो काडले. उपरांत कुंपण घातलें, बोर्ड लायलो. आतां थंय आमच्या बायलांक पाणी भरपाक दिनात (भरू देत नाहीत)." त्यांनी कोयत्याने माझ्याकडे बोट दाखवले. "तूं साफ करपाक आयलें म्हणाल्लें. हो मनीस भूमिपूजन करपाक आयला. चला, वयर चला सगळीं!"

मी मुलांकडे पाहिले. बस भरून आलेली मुले, हातात कोरी फावडी. कोणी हलेना. मुले टीचरकडे बघत होती, टीचर सिद्धीकडे. सिद्धी फुटलेल्या नारळाकडे बघत होती. हेडमास्तरांचा बुके तिला तिथे दिसत असणार. खरे सांगतो, मला आबांचा राग आला. गावची झर बुजवून ठेवतील, पण मुलांना हात लावू देणार नाहीत, असे मनात आले.

सिद्धीने आधी कापलेल्या फितीची टोके सोडली. मग म्हणाली, "टीचर, बॅनर काढूया."

"अगं, पण फोटोत..."

"काढूया टीचर."

बॅनर उतरला. मग ती आबांसमोर गेली. "आबा, आमचें चुकलें. गाऱ्हाणें घातल्याबगर नारळ फोडलो. तुमी गाऱ्हाणें घालात, उपरांत आमी कामाक लागूं. ना जाल्यार परत वतां (नाहीतर परत जातो)."

गाऱ्हाणे म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी गावकराने देवापुढे मोठ्याने मांडलेले म्हणणे. तो एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले लोक प्रत्येकाला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. आबा म्हणाले, "हांव (मी) घालचो ना."

"मग मी घालते."

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. गाऱ्हाणे पुरुषाने घालायचे, तेही मानकऱ्याने. सिद्धीने चपला काढल्या, कुंडाच्या काठावर उभी राहिली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या झरीच्या राखणदारा! आज तुज्या दारांत शाळेचीं भुरगीं आयल्यांत, म्हाराजा!"

कोणी साथ दिली नाही. एक पोपट ओरडला, तेवढाच.

"तुका विचारिनासतना (न विचारता) नारळ फोडलो, तें चुकलां, तें पदरांत घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बसमधून आलेली एक-दोन मुले पुटपुटली. जन्मापासून जत्रेत ऐकलेले. तोंड गप्प कसे राहणार?

"ही झर गावची, ती गावचीच उरूं दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता बालदवाल्या बायका. त्यांनी चटकन आबांकडे पाहिले. आबांचे ओठ घट्ट मिटलेले.

"हंगा कोणाचें कुंपण पडूं नये, कोणाचो बोर्ड लागूं नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कुळागर दणाणले. आबांच्या गळ्यातली गाठ वर गेली आणि खाली आली.

"आनी हो गॉगलवालो म्हजो मामा, म्हाराजा! ताका जमीन नाका, ताका फकत नुस्तें जाय (मासळी हवी), म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांच्या वर एक खणखणीत आवाज उठला. तो पुरसोआबांचा होता. त्यांनी स्वतःच दचकून इकडेतिकडे पाहिले, जणू दुसऱ्याच कोणी त्यांच्या तोंडाने म्हटले असावे. पण देवापुढे म्हटलेले माघारी घेता येत नाही. तेवढ्याच मोठ्याने मीही म्हटले होते, हे इथे नमूद करतो.

आबांनी पंचा कमरेला बांधला. "फोटो नाका," ते म्हणाले. "एकूय नाका. काडल्यात ते पुसून उडयात."

"पण आबा," टीचर कळवळल्या, "फोटो नसले तर कार्यक्रम झाला हे हेडमास्तरांना कसं पटायचं?"

"देवाक सांगलां. मास्तराक सांगपाक कितें? हांव येतां शाळेंत."

सिद्धीने एकेका मुलाचा फोन पुढ्यात धरून फोटो पुसायला लावले. एका मुलाचे तोंड अगदीच पडले, तर त्याला तिने सगळ्यांत मोठे फावडे दिले. मग काम सुरू झाले. आबा स्वतः कुंडात उतरले. मला गाळाच्या पाट्या ओढायला लावले. पांढऱ्या शर्टाचे पुढे वंदनाने पायपुसणे केले. दुपार कलताना कपारीतली एक जाड मुळी निघाली, आतून आधी तपकिरी पाण्याची चूळ आली, मग गढूळ, मग बोटाएवढी स्वच्छ धार. मुलांनी ओरडून कुळागर डोक्यावर घेतले. सिद्धी मात्र ओरडली नाही. एका बाईची बालद घेऊन ती धारेखाली धरून उभी राहिली, भरेपर्यंत.

निघताना आबा गाडीपाशी आले. हातात पाण्याने भरलेली बाटली. "घरकान्नीक (बायकोला) दी," म्हणाले. मग गाडीच्या मागे जाऊन त्यांनी नंबर प्लेट नीट न्याहाळली, तेही न लपवता.

आंबोली चढताना मला ती बाटली सारखी दिसत होती. आबांचा राग केव्हाच गेला होता. उलट वाटत होते, बिचाऱ्यांनी उगीच इतका संशय धरला. आपल्यासारखी साधी माणसे त्यांचे काय नेणार? हेच मी रात्री जेवताना बायकोला, मालतीला, रंगवून सांगितले. कुळागर, धार, गाऱ्हाणे, सगळे हातवारे करून. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी आबांची बाटली उघडून पेला भरून दिला. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले, उरलेले पाणी सावकाश संपवले आणि म्हणाली,

"अहो, मग तिथं एखादी छोटी जागा बघून ठेवायची नाही का!"