चांगोचा डबल क्लच

मुरबाडच्या पुढे एका रिसॉर्टच्या शेठने भंगारातून फार जुनी लॉरी आणली, रंगवली, मागे बाकडी टाकली. पाहुण्यांना टेकडीवरून नदीपर्यंत फिरवायचं ठरलं. पण चालवणार कोण? आताच्या गाड्यांसारखे तिचे गिअर आपोआप जुळत नाहीत. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा आणि मधे, न्यूट्रलमध्ये, नेमकी रेस द्यायची. रेस चुकली की गिअर करकरतो, आत जातच नाही, आणि उतारावर गाडी मोकळी सुटते.

चांगोला ते येत होतं. शहापूरकडच्या खडी क्रशरवर अशाच लॉऱ्या चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. शेठने त्याला ठेवलं, त्याची बायको रखमी हिलाही भांड्यांना घेतलं.

क्रशरच्या धडधडाटाने आपले कान गेलेत, हे चांगोने रखमीखेरीज कुणाला कळू दिलं नाही. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा, पण इंजिनाला ओठ नसतात. पहिल्याच दिवशी गिअर असा करकरला की त्याच्या हाताला झिणझिण्या आल्या.

"मी बसते तुज्याशेजारी," रखमी म्हणाली.

क्रशरवर तीही थोडे हंगाम त्याच्याच लॉरीत खडी भरायची, इंजिनाचा आवाज तिच्या ओळखीचा होता. चांगो रेस द्यायचा, आवाज हवा तेवढा चढला की रखमी त्याच्या मांडीवर थाप मारायची, आणि गिअर गुपचूप बसायचा. अख्खा हंगाम असा गेला. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारीला फिरायची हौस आहे.

मग मॅनेजर प्रणयने तिला उतरवलं. "मावशी, पुढची सीट गेस्टला फोटोसाठी पाहिजे. तुम्ही किचन बघा."

"ती बसली तर बरं पडतं, सायेब," चांगो म्हणाला.

"का? गाडी ती चालवते का?"

खरं सांगावं तर दोघांचंही काम जाणार. चांगोने एकट्यानेच गाडी काढली.

त्यानंतर तो टेकडीच्या माथ्यावर गाडी पार थांबवून मगच खालचा गिअर टाकायचा. एका रविवारी गर्दी होती. "थांबत बसू नको, दुसरी बॅच खोळंबलीय," प्रणयने दटावलं. चांगो चालत्या गाडीत गिअर बदलायला गेला. गिअर बसेना. त्याने पुन्हा रेस दिली, पुन्हा करकर. लॉरी सुटली, भरल्या गाडीला ब्रेक पुरेना. त्याने ती मातीच्या दरडीवर घातली. पाहुण्यांना खरचटलं, चांगोचं कोपर मोडलं.

रखमी धावत आली ती प्रणयवर ओरडतच. "त्याला आयकू येत नाय! मी होते म्हणून गाडी चालत होती!"

तिच्या बोलण्यातलं 'आयकू येत नाय' तेवढंच शेठने धरलं. "बहिऱ्याने माझ्या गेस्टच्या जिवाशी खेळ केला," असं तो चारचौघांत सांगू लागला. पोलिसात दिलं नाही, हे उपकार म्हणून ऐकवलं.

लॉरी आता फाटकाशी कायमची उभी आहे. चांगोला खाकी शर्ट घालून स्टिअरिंगमागे बसवतात. पाहुणे शेजारी बसून फोटो काढतात.

"उतर खाली. वीटभट्टीवर जाऊ," रखमी म्हणाली होती.

"वाकड्या हाताला भट्टीवर कोण घेल?"

"मग बस बाहुलीसारखा."

दिवाळीनंतर वाडीतली माणसं वीटभट्टीला निघाली, त्यांच्यात रखमीही. वाट फाटकावरूनच होती. चांगोने काचेतून हात वर केला. डोक्यावरचं बोचकं सावरत ती सरळ पुढे गेली.