मागणी मधल्या ओळीत होती

सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं मी लोकांचे अर्ज वाचले. आमची एक पद्धत होती. आधी शेवटचा परिच्छेद पाहायचा, कारण मागणी तिथेच असते. तिथे नुसतीच आदळआपट दिसली, की ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारून पुढचा कागद ओढायचा. यात माझा हात इतका बसला होता, की साहेबही उलटून पाहत नसत.

निवृत्तीनंतर वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या मोबाइलवरच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन झालो, तो याच जोरावर. प्रश्न असेल तर ठेवायचा, नुसता त्रागा असेल तर उडवायचा. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती. दुपारचं जेवण आटोपलं की घर खायला उठायचं, म्हणून मी ग्रुप उघडून बसायचो. तेवढीच माणसांची जाग.

एकदा चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा लांबलचक मेसेज आला. लिफ्ट बंद, कबुतरांची घाण, जिन्यात चपलांचे ढीग, असं बरंच काही. शेवटी लिहिलं होतं, “घ्या सगळ्यांनी दारं लावून आणि राहा सुखात!” मी तो उडवला आणि खाली लिहिलं, “लिहून मन हलकं झालं असेलच. मुद्दा असल्यास एका ओळीत कळवावा.” अकरा जणांनी हसरे चेहरे टाकले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. बाई ग्रुप सोडून गेल्या.

आठवड्याने वॉचमन बोलता बोलता म्हणाला, “चौथ्या मजल्यावरच्या काकूंना बाई मिळाली बघा एकदाची. काका अंथरुणाला खिळल्यात. दुपारी त्यांच्यापाशी बसायला कुणी नव्हतं, म्हणून काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन अडकलं होतं. ग्रुपवर पण विचारलं म्हणत होत्या.”

मग मला ती ओळ आठवली. चपलांच्या ढिगानंतर, अगदी मध्ये होती. “दुपारी दोन ते चार या इमारतीत एक तरी माणूस घरी असतो का?” मी ती टोमणा समजून ओलांडली होती.

दोन ते चार मी घरीच असतो. रोज.

मी वर गेलो. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

“अहो, मी तुमचा मेसेज नीट वाचला नाही. चुकलंच माझं.”

“असू दे. आता मावशी येतात.”

आत मावशी अडखळत पेपर वाचून दाखवत होत्या. मध्येच बाईंच्या यजमानांनी काहीतरी म्हटलं आणि दोघं हसली.

“तरी मी येत जाऊ का दुपारचा? पेपर वाचून दाखवीन.”

“कशाला?” बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

घरी करमत नाही म्हणून, एवढंच सांगायचं होतं. “नाही, आपलं सहज,” असं म्हणून मी जिना उतरलो.