दोन पडद्यांवर एकच चित्र

त्या वर्षांत अमरावतीत माझं फोटोचं छोटंसं दुकान होतं. लग्नांची कामं आटली होती. दुकान चालायचं ते हार घातलेल्या फोटोंवर. खेड्यावरून कोणीतरी लग्नाच्या गर्दीतला एखादा चेहरा घेऊन यायचं. मी तो मोठा करायचे, मागे निळं आकाश टाकायचे, हार चढवायचे. माणूस कशानं गेला हे आधी विचारायचे, नंतर विचारणं सोडलं.

टेबलावर दोन स्क्रीन होते. एक माझ्याकडे, दुसरा गिऱ्हाइकाकडे. दुसऱ्यावर मी फक्त त्यांचाच फोटो सरकवायचे. हा कॉम्प्युटर अकोल्याच्या एका भाईंनी जोडून दिला होता. व्हायरसची कटकट नको म्हणून त्यांनी त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं.

एका सकाळी मी अपडेट घेतलं आणि दुसरा स्क्रीन काळा पडला. नेमकी तेव्हाच बडनेऱ्याच्या बाजारात भाजी विकणारी एक मावशी लेकीला घेऊन आली. मुलीचा फोटो मी आधीच काढला होता. स्थळाकडे पाठवायला तो छापून हवा होता.

त्यांना बसवून मी भाईंना फोन लावला.

"केबल बदलून पाह्यली का, ताई?"

"पाह्यली. माह्या स्क्रीनची तिकडे लावली, तरी अंधारच."

"सेटिंगमधी दोन स्क्रीन दिसून राहिले का?"

"एकच दिसून राहिला."

"मंग स्क्रीन खराब नाही. नवीन अपडेटचा लोचा हाये. बंद करून चालू करा, अन् सुरू होताना जुनं कर्नल, म्हंजे अपडेटच्या आधीचं, निवडा. यादीत खाली असन."

तसं केलं. दुसरा स्क्रीन उजळला. माझ्या जिवात जीव आला. मुलीचा फोटो शोधायला मी फोल्डर उघडला. छोट्या छोट्या चौकोनांत सगळे चेहरे, बहुतेकांच्या गळ्यात हार. मी नेहमीसारखी खाली खाली सरकत होते.

"थांबा, ताई," मावशी म्हणाली.

मी वर पाहिलं. तिची नजर तिच्यासमोरच्या स्क्रीनवर होती. बंद-चालू करण्यात दोन स्क्रीन वेगळे ठेवायचं सेटिंग पुसलं गेलं होतं. माझ्याकडे जे होतं तेच तिकडेही दिसत होतं.

"हा वांगेवाला," तिनं बोट लावलं. "बाजारात माह्या बाजूले बसते. याले हार काहून घातला?"

मुलगी आईकडे बघत राहिली.

"होळीनंतर त्यांचा मुलगा आला होता," मी म्हटलं.

"होळीनंतर?" ती म्हणाली. "मले वाटलं, सुरतले पोरीकडं गेला असन. मी त्याच्या जागेवर रोज बारदाना टाकून ठेवून राहिली, कोनी बसू नये म्हनून."

"मावशी, त्यांचा एक फोटो छापून देऊ?"

"फोटो घेऊन काय करू? मी त्याची कोन?" मग पुन्हा वाकून पाहत ती म्हणाली, "मिशी एवढी काळी नोती त्याची."

मिशी मीच काळी केली होती. मुलानं तसं सांगितलं होतं.

मी सेटिंग उघडलं, दोन्ही स्क्रीन वेगळे केले आणि तिच्याकडे फक्त लेकीचा फोटो सरकवला. चेहरा थोडा उजळ केला, कपाळावरची बट नीट केली. "बरा हाये ना, मावशी?" विचारलं तर तिनं न बघताच मान हलवली. फोटो छापून पाकिटात घातला. मावशी उठून बाहेर गेली आणि पायरीवर पदर तोंडाला लावून उभी राहिली.

मुलगी मात्र काउंटरपाशीच थांबली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माहा फोटोबी त्यायच्यातच ठेवला होता का?"

"नाही गं, ते आपलं सगळं एकाच ठिकाणी..."

"काढाल का तिथून?"

मी तिच्यासमोर नवा फोल्डर केला आणि तिचा फोटो त्यात टाकला. त्यात तो एकटाच दिसत होता. ती तो नीट पाहून घेईपर्यंत उभी राहिली, मग आईच्या मागे गेली.