तीन दिवसांपूर्वीचं निरभ्र आकाश

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडे मी नोकरीला होते. ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता आणि तो माझ्याशिवाय कुणी फारसा हाताळत नसे. साहेबांना इंटरनेटचं भारी कौतुक. परदेशातली एक हवामानाची वेबसाइट त्यांना कुणीतरी दाखवली होती, पण ते पान उघडायला अर्धा तास लागायचा. म्हणून मी अमेरिकेतल्या भाड्याच्या सर्व्हरवर एक स्क्रिप्ट लिहून ठेवली. आमचं पान उघडलं की ती स्क्रिप्ट तिथंच एक तयार प्रोग्रॅम चालवायची. तो प्रोग्रॅम हवामानाचं सगळं पान आणून आमच्या भागापुरत्या चार ओळी त्यातून खरवडून काढायचा. त्या ओळी मी रोज सकाळी फोनवरून बागायतदारांना वाचून दाखवत असे.

द्राक्षं रॅकवर वाळत असतात तेव्हा अवकाळी पाऊस आला तर बेदाणा काळा पडतो. आधी कळलं तर शेडच्या चारी बाजूंनी ताडपत्र्या सोडता येतात. त्या चार ओळींचा उपयोग एवढाच होता, आणि तो मोठा होता.

सुरुवातीला कधी कधी प्रोग्रॅम रिकाम्या हातानं परत यायचा आणि पान कोरं दिसायचं. साहेब वैतागायचे. मग मी स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या: नवं काही मिळालं नाही तर आधीचंच दाखव. पान पुन्हा कधी कोरं दिसलं नाही. साहेब खूश झाले आणि मीही.

एप्रिलमध्ये दोन दिवस रजा काढून मी साताऱ्याला घरी गेले. सकाळचे फोन साहेब स्वतः करणार होते. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना सायबर कॅफेत शिरले आणि सहज ती परदेशी वेबसाइट उघडली. तिचं रूपच पालटलं होतं. उपग्रहाच्या चित्रात सांगलीच्या पूर्वेला ढगांचा पांढरा गठ्ठा होता. खाली लिहिलं होतं, दुपारनंतर गडगडाटासह पाऊस.

मग आमचं पान उघडलं. त्यावर होतं, आकाश निरभ्र.

सर्व्हरवर शिरून नोंदी पाहिल्या. वेबसाइटनं पानाचा पत्ता बदलला होता आणि तीन दिवस आमचा प्रोग्रॅम रिकामाच परत येत होता. स्क्रिप्ट मी सांगितल्याप्रमाणे जुनंच आकाश दाखवत राहिली होती.

तशीच एसटीडी बूथवर गेले. घाईत ऑफिसचा पाठ असलेला नंबर दोनदा चुकला.

"साहेब, सकाळचा अंदाज खोटा आहे. आज पाऊस आहे."

"मी तर सगळ्यांना निरभ्र सांगितलं."

"ते तीन दिवसांपूर्वीचं होतं. चूक माझी आहे."

ते म्हणाले, "ते नंतर बघू. निम्मे नंबर तू लाव, निम्मे मी लावतो."

मी पिशवीतली नंबरांची डायरी उघडून एकेक नंबर लावत गेले. प्रत्येकाला तेच सांगायचं. एकजण म्हणाला, "आवं ताई, सकाळीच तुमच्या सायबांनी सांगितलं की, काय न्हाई म्हून." मी म्हटलं, "माझं चुकलं. आधी ताडपत्र्या सोडा, मग मला बोला."

शेवटचा नंबर आटपाडीकडच्या एका जोडप्याचा होता. मूळची मेंढपाळ माणसं; त्यांनी नुकतीच द्राक्षं लावली होती. त्यांच्याकडे फोन नव्हता, नंबर गावातल्या दुकानदाराचा; निरोप त्याच्याकडे द्यावा लागे. तो म्हणाला, "दोगं शेडवर हायती. कुणी त्या बाजूला निघालं की धाडतू सांगावा." त्याला मी तीनदा तेच विनवलं. बूथमधून बाहेर आले तर साताऱ्याचं आभाळ स्वच्छ होतं आणि त्यानंच जास्त भीती वाटली. तिकडे काय चाललंय ते कळायला काही मार्गच नव्हता.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. पाऊस झाला होता, बहुतेकांच्या शेडा वाचल्या होत्या. आटपाडीचा निरोप मात्र उशिरा पोचला होता.

चार दिवसांनी साहेबांबरोबर मी तिथं गेले. रस्ताभर मनाशी वाक्यं जुळवत होते. शेडपाशी पोचल्यावर एकही आठवलं नाही. रॅकवर बेदाणा काळपट, चिकट होऊन बसला होता. बाई तो हातानं उलटा करत होत्या. मी सगळं सांगितलं: पत्ता बदलला, स्क्रिप्टनं जुनं दाखवलं, तसं मीच लिहिलं होतं. त्यांना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. त्या एवढंच म्हणाल्या, "कळत नव्हतं तर गप ऱ्हायचं हुतं. आमी आभाळाकडं बघितलं असतं."

त्यांचा नवरा पलीकडच्या रॅकवर बेदाणा पसरत होता. आम्ही निघालो तेव्हा जीपपर्यंत आला आणि म्हणाला, "ताई, उद्याचं काय म्हणतंय?"

त्या प्रश्नानं मला पावसापेक्षा जास्त घाबरवलं. स्क्रिप्टमधल्या त्या दोन ओळी मी आदल्याच दिवशी काढून टाकल्या होत्या. तरी सरळ उत्तर देण्याचा धीर झाला नाही. म्हटलं, "आत्ता मला माहीत नाही. सकाळी स्वतः बघते आणि कळवते. कळलं नाही, तर तेही कळवते."

"बरं," तो म्हणाला आणि शेडकडे परत गेला.