वन्स रिमूव्हड

विजय नगरच्या एका कंपनीत मी लोकांना इंग्रजी ईमेल लिहायला शिकवतो. त्यामुळे आपल्याला इंग्रजी येतं असा माझा समज आहे, आणि तो नातेवाइकांचाही व्हावा म्हणून मी बरीच खटपट करतो.

बाबांच्या पंचाहत्तरीला बडा गणपतीजवळच्या हॉलमध्ये मी पडद्यावर आमची वंशावळ दाखवली. प्रत्येक फोटोखाली नातं, तेही इंग्रजीत. बाबांच्या आतेबहिणीला मी कायम आत्याच म्हणतो. पण तिच्या फोटोखाली झळकलं, ‘फर्स्ट कझिन, वन्स रिमूव्हड’. मी ते तीनदा तपासलं होतं. अचूक होतं.

आत्या पहिल्याच रांगेत होती. चष्मा लावून ती पडद्यापाशी गेली.

“का रे, मला रिमूव्ह केलंस?”

“नाही आत्या, इथे रिमूव्हड म्हणजे काढलेलं नाही. एक पिढी दूर, असा अर्थ आहे.”

“दूर केलं काय नि काढलं काय, बात तो एकच ना?”

मी माइक घेऊन वर्गात शिकवतो तसं शिकवायला लागलो. जसजसा अर्थ स्पष्ट करत गेलो, तसतसा हॉल गप्प होत गेला.

“आणि वन्स म्हणजे एकदा?” तिनं विचारलं.

“हो, एकदाच,” मी उत्साहानं म्हणालो.

“मग चुकलास. दोनदा काढलंय मला. तुझ्या बाबांच्या लग्नाला बोलावलं नाही, आणि तुझ्या बारशालाही नाही.”

आत्यानं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. बाकी घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

बाबा उठले. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला, पण बोलले माइकशिवायच.

“ताई, तेव्हा मोठ्यांसमोर मी तोंड उघडलं नाही. गलती माझीपण होती. माफ कर.”

आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाली, “इतकी वर्षं लागली होय रे तुला? चल, केक काप. छोटा तुकडा घे, शुगर आहे तुला.”

दोघांनी एकमेकांना केक भरवला. चुलतभावानं माझ्या पाठीवर थाप मारली. “क्या प्लानिंग था भिया! मानलं तुला.”

मी नम्रपणे मान हलवली. तेवढ्यात खरं काय ते ठाऊक असलेली बायको माझ्याकडे बघतेय हे दिसलं. म्हणून तीच मान वर करून मी पंख्याकडे बघत राहिलो.